आत्तींची डिस्क

आमच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. भंगारवाला दर दिवाळीच्या आधी दारात येऊन विचारतो आणि मी त्याला दर वेळी हाकलून देते. हे म्हणतात, "अगं, दे की काढून, निम्मी खोली अडलीया." मी म्हणते, "असू दे. खायला मागतोय का तुमच्याकडं?" मग ते गप्प बसतात, कारण मी एकदा बोलायला लागले की समोरचा गप्प बसतो. माझं तोंड फटकळ आहे हे मला माहीत आहे, ते कुणी सांगायला नको. पण कॉम्प्युटर का ठेवला ते मी आजवर कुणालाच खरं सांगितलं नव्हतं.

मी जतकडची. माहेरी मेंढरं आणि कोरडवाहू ज्वारी, उन्हाळ्यात टँकरपुढं घागरींची रांग. बारावीनंतर तालुक्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्न होऊन कराडजवळच्या ह्या बागायती गावात आले. इथं जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि घरटी एक माणूस फौजेत. आमच्या घरातले फौजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणते. ते मिल्ट्रीच्या दवाखान्यात नर्सिंगला होते, पोस्टिंग कायम लांब, बर्फाच्या मुलखात. एका सुट्टीत त्यांनी पुतण्यांना शिकायला म्हणून तो कॉम्प्युटर आणला, डिस्क लिहायच्या रायटरसकट. पोरं दोन दिवस गेम खेळली आणि विसरली. त्यावर बसले मीच. सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, शेजारणींना सांगायच्या, "जतची हाय आमची, पाणी बघितलं न्हाई हिनं कवा, पर कॉम्प्युटर चालवती." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

गावात तेव्हा एक रीतच पडली होती. फौजी सुट्टी संपवून निघाला, किंवा कुणी त्याच्याच युनिटला चाललं, की डब्यात शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू आणि एक डिस्क. फोनला रेंज मिळायची नाही आणि मिळाली तर फोनभोवती दहा माणसं. म्हणून मी भावजींनी कँटीनमधून आणलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं त्या घरात जाऊन शूटिंग करायची आणि घरी येऊन डिस्क बर्न करायची. रांगायला लागलेलं पोरगं, व्यालेली म्हैस, नव्या विहिरीची मोटर. बाप्ये लोक कॅमेऱ्यापुढं ताठ उभे राहून म्हणायचे, "हिकडं समदं बरं हाय, काळजी करू नगंस," आणि संपलं. बायकांचं मात्र संपायचंच नाही. बोलून झालं, डोळे पुसून झाले, चहा झाला, की उंबऱ्यातून परत यायच्या. "अगं थांब बाई, एक सांगायचं ऱ्हायलंच."

त्या परत येण्याला मी एक युक्ती काढली होती. लिहून झालं की कॉम्प्युटर विचारायचा, डिस्क बंद करायची का उघडी ठेवायची. उघडी ठेवली की नंतर तिच्यात आणखी भरता यायचं. मी शेवटच्या दिवसापर्यंत उघडीच ठेवायची आणि फौजी निघायच्या आदल्या संध्याकाळी बंद करून टाकायची. "बास. आता कुलूप लावलं," असं सगळ्यांना ओरडून सांगायची. मला वाटायचं, बंद करणं म्हणजे बायकांच्या तोंडाला लावलेलं कुलूप, एवढाच त्याचा उपयोग. उघडी डिस्क दुसऱ्या मशिनला वाचताच येत नाही, तिथं ती कोरी दिसते, ही गोष्ट मला कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती आणि मीही कुणाला विचारली नव्हती. गावात कॉम्प्युटरवाली वैनी म्हणून नाव झालेलं. विचारणार कुणाला?

आत्तींनी स्वतःहून डिस्क करायला सांगितली त्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. शेजारचा जवान भावजींच्याच तळावर निघाला होता. दुपारची वेळ, सगळी रानात गेलेली. आत्ती धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून पुढच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ते चालू कर आन् तू भायेर जा."

"मी असले तर काय होतंय?"

"जा म्हणलं न्हवं? मला माज्या पोराशी बोलायचंय."

माझं डोकंच फिरलं. कॅमेरा टेबलावर ठेवला, चालू केला आणि दार आपटून बाहेर गेले. मला पक्कं वाटलं की माझ्याच कागाळ्या चालल्यात. मोठी सून तोंड करती, मोठी सून दुपारची झोपती. मी अंगणात भांडी आपटत बसले. थोड्या वेळानं आत जाऊन कॅमेरा बंद केला, तर आत्ती शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "डिस्क कर आन् ह्यातलं समदं पुसून टाक. तू बी बघू नगंस." डिस्क लिहून होईपर्यंत त्या माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. मग त्यांच्यासमोर मी कॅमेऱ्यातलं पुसलं, कॉम्प्युटरमधलं पुसलं. मनात म्हटलं, बघायचंय कुणाला. माझी निंदा मी कुणी पैसे दिले तरी ऐकणार नाही.

डिस्क नेहमीप्रमाणे उघडी ठेवली होती. संध्याकाळी पोरांची कविता भरायची आणि मग बंद करायची, असा बेत. पण तो जवान दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या जीपऐवजी त्याच दुपारी चार वाजता मिरजेकडं निघाला, गाडी हॉर्न देत दारात उभी, आणि मी डब्याबरोबर ती डिस्क तशीच त्याच्या हातात दिली.

आठवड्यानं भावजींचा फोन आला. मीच उचलला. "वैनी, डिस्क कोरी हाय. तीन मशिनवर लावून बघितली."

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. माझ्या कागाळ्या पोचल्या नाहीत. आणि त्याच्या मागोमाग मनात आलं, आत्तींना काय सांगायचं? सगळं पुसलेलं. पुन्हा बोला म्हणायचं तर माझी चूक कबूल करावी लागणार. कॉम्प्युटरवाल्या वैनीच्या हातची डिस्क कोरी निघाली, हे संध्याकाळपर्यंत पार वेशीपर्यंत झालं असतं.

मी म्हटलं, "तुमच्या तिकडच्या मशिनला थंडी वाजली असंल."

"तसं न्हाई, वैनी..."

"बरं, ऐका. आत्ती रोज विचारत्यात, बघितली का म्हणून. तुम्ही बघितली म्हणा. असून असून काय असणार त्यात? कानाला बांध, वेळेवर जेव. म्हातारीचं मन राहतंय, तुमचं काय जातंय?"

भावजी साधे. त्यांनी दोनदा म्हटलं की खोटं कशाला, आणि मी दोनदा म्हटलं, "म्हणा हो, सांगतेय ना मी." शेवटी म्हणाले, "बरं."

रविवारी पुन्हा फोन आला. आत्तींनी पहिल्यांदा तेच विचारलं. मी शेजारीच तांदूळ निवडत होते, फोनमधलं सगळं ऐकू येत होतं.

"बघितलीस व्हय रं?"

"बघितली, आई."

"समदी?"

"समदी."

आत्तींनी डोळे मिटले, फोन माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून चुलीवर वांगी भाजून भरीत केलं. मला ताट वाढताना म्हणाल्या, "गुणाची हाईस गं, जतची." लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्यांनी मला गुणाची म्हटलेलं ते पहिलंच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, एका खोट्यानं घरात किती सुख झालं.

त्यानंतर भावजींची सुट्टी मंजूर होऊन रद्द झाली, एकदा नाही, दोनदा. आत्ती वाळायला लागल्या. चोळ्या ढगळ व्हायला लागल्या. मी म्हणायची, "आवं आत्ती, चला दवाखान्यात." त्या म्हणायच्या, "तो येऊ दे." जेवण जाईना, तरी "तो येऊ दे." मी एकदा चिडून म्हटलं, "तो काय डॉक्टर लागून गेलाय?" तर माझ्याकडं अशा बघून हसल्या, जणू मला काहीच कळत नाही. आम्हाला वाटायचं लेकाची ओढ लागलीय. मग एके दिवशी त्या न्हाणीत घसरल्या, मी धावत गेले, उचलायला हात घातला आणि काखेतली गाठ माझ्या हाताला लागली. मिरजेला नेलं. डॉक्टरनी विचारलं, किती दिवस झाले? आत्ती म्हणाल्या, "आताच दिसली." डॉक्टर त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले. फार उशीर झालाय, म्हणाले.

भावजी आले तेव्हा आत्तींची वाचा बसली होती. ते बूटसुद्धा न काढता खाटेपाशी बसले. आत्तींनी त्यांच्याकडं बघितलं, ओळखलं, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, तर परत इकडं फिरवलं. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तेराव्यानंतर निघताना भावजींनी मला एकटीला गाठून विचारलं, "वैनी, आई माझ्यावर कशानं रागावली हुती?" मी म्हटलं, "कशाला रागावतील? दुखत असंल त्यांना." त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. त्यांच्या तोंडावरचा तो प्रश्न पुढं प्रत्येक सुट्टीत त्यांच्याबरोबर घरी यायचा, जेवायला बसायचा आणि परत जायचा. ते बोलायचे नाहीत. मीही बोलायची नाही.

कारण तोवर मला कळलं होतं. आत्ती गेल्यावर वर्षभरात अजून एका फौजीची डिस्क कोरी म्हणून परत आली. घाईत तीही बंद करायची राहिली होती. मी ती आमच्या कॉम्प्युटरला लावली तर धडाधड चालायला लागली. कराडच्या दुकानदारानं सांगितलं, डिस्क बंद केली नाही, म्हणून ज्या रायटरनं लिहिली तोच वाचेल. मी घरी येऊन कॉम्प्युटरपुढं नुसती बसून राहिले. म्हणजे आत्ती त्या डिस्कमध्ये आहेत. भावजींच्या ट्रंकेत, बर्फात, गप्प बसलेल्या आहेत. आणि त्यांना बोलतं करायचं मशिन माझ्याकडं आहे.

त्याच दिवशी भावजींना फोन करायला हवा होता. केला नाही. तुम्ही म्हणाल का? भीती वाटली. ह्या बाईनं मला गुणाची म्हटलं होतं, आणि त्या डिस्कमध्ये ती काय म्हणालीय कुणास ठाऊक. दुसरं, मी बोलायला लावलेलं खोटं सगळं बाहेर आलं असतं.

पुढं कॉम्प्युटरची एक खोड सुरू झाली. लाईट जाऊन आली की तो आपला आपण चालू व्हायचा आणि डिस्कचा ट्रे बाहेर यायचा. आमच्याकडं लाईट दिवसातून चारदा जायची. मी पोळ्या लाटत असायची, आणि पुढच्या खोलीतून तो आवाज यायचा, खर्रर्र, खट्. जाऊन बघावं तर रिकामा ट्रे बाहेर, हात पुढं करून बसल्यासारखा. वायरिंगचा दोष असणार, मला कळतं तेवढं. पण घरात एकटी असताना ते कळणं उपयोगाला येत नाही. मी त्याला रागं भरायची, "काय पाहिजे? न्हाई माझ्याकडं!" शेवटी वायर काढली, आत्तींचं जुनं लुगडं त्याच्यावर टाकलं आणि मागच्या खोलीत सरकवला. तरी तिथं धान्य काढायला जाताना मी पाठ करून उभी राहायची नाही. आणि भंगारातही देववेना.

भावजी मागच्या वर्षी रिटायर होऊन सांगलीला राहायला गेले. गेल्या महिन्यात एका दुपारी न सांगता आले. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात ती डिस्क. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "आई". म्हणाले, ट्रंक आवरताना सापडली, तिथल्या एका कॉम्प्युटरवाल्याला दाखवली. त्यानं उजेडात धरून खालची बाजू दाखवली. आतल्या अंगाला गडद कडं दिसतंय, म्हणजे ही कोरी नाही, लिहिलेली आहे, ज्या मशिनवर लिहिली त्यावर लावून बघा.

"वैनी, तो कॉम्प्युटर हाय का अजून?"

विकला, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. एवढं एकच म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. भावजींचे केस पांढरे झालेत. ते उभे होते, मी बसा म्हटलं तरी बसत नव्हते. म्हणाले, "चौदा वर्सं झोपताना एकच येतंय डोळ्यापुढं, वैनी. तिनं माझ्याकडनं तोंड फिरवलं. काय चुकलं माझं, तेवढं कळू दे."

मी म्हटलं, "हाय. चला."

दोघांनी मिळून तो पुढं आणला, धूळ पुसली. दोनदा नुसता शिट्ट्या मारून बंद पडला. तिसऱ्यांदा चालू झाला, आतली बॅटरी मेलेली, तारीख पार कुठल्या कुठं मागं गेलेली. डिस्क घातली. बराच वेळ नुसती घरघर. मी मनात म्हणत होते, नको चालू. नको चालू. आणि चालू झाली.

आत्ती समोर बसलेल्या. धुतलेलं लुगडं, विंचरलेले केस. आधी कॅमेऱ्याच्या दिव्याकडं बारीक डोळ्यांनी बघितलं, मग दाराकडं बघून आवाज लहान केला.

"बाळा, हिला भायेर पाठवलीया. रागावली आसंल. तोंडानं फटकळ हाय, पर मनानं लय चांगली हाय ती. तिला सांगितलं आस्तं तर तिनं आत्ता गाडी बोलवून मला दवाखान्यात घातली आस्ती. मला त्ये नगं. परक्या बाप्यापुढं चोळी काढायची मला लाज वाटती. माज्या काखंत गाठ आलीया. पयली हरभऱ्याएवढी हुती, आता लिंबाएवढी हाय. दुखत न्हाई. तू दवाखान्यातच आस्तुयास, तुला ह्यातलं कळतंय. तू आलास की तूच घिऊन चल मला तुमच्या मिल्ट्रीच्या दवाखान्यात."

पदरानं तोंड पुसलं.

"फोनवर काय बोलू नगंस, समदी बसल्याली आस्त्यात. तू निस्तं 'बघितली' म्हण. म्हंजी मला कळंल, तुला समजलंय आन् तू येतुयास. तवर मी कुणाला सांगत न्हाई. घाईचं आसंल तर तू दादाला फोन करून सांगशीलच. न्हाई केलास तर मी समजंन, घाई न्हाई."

मग त्या उठून बाजूला गेल्या. कॅमेरा बंद करता येत नव्हता ना त्यांना. रिकामी खुर्ची दिसत राहिली, आणि अंगणातून भांडी आपटल्याचा आवाज. ती मी. मग दार उघडलं आणि माझा त्या वेळचा आवाज आला, "झालं का मनासारखं?" आणि आत्तींचा हसरा आवाज, "झालं बाई. सुटले."

भावजी त्या थांबलेल्या चित्राकडं बघत म्हणाले, "मी समदी बघितली म्हणलो."

"मी म्हणायला लावलं."

"तिला वाटलं, मला ठावं हाय. ठावं आसून मी आलो न्हाई."

मी त्यांच्या तोंडावर राग शोधत होते. देवाशपथ सांगते, मला तो हवा होता. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या पदरात घेतल्या असत्या. पण त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, पुन्हा काढला. मला रडूही येत नव्हतं. "मनानं लय चांगली हाय ती" एवढंच कानात फिरत होतं, आणि ते कुठल्याही कागाळीपेक्षा वाईट होतं.

बाहेर गाडी लागल्याचा आवाज आला. हे रानातून आले होते. आल्या आल्या भावजींनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, डिस्कचंही. भावजींनी घाईनं ट्रे उघडून डिस्क काढली आणि पाकिटात सरकवली.

"वैनी, दादाला कोरी निघाली म्हणून सांगतो. ह्या वयात कळून त्याला काय उपेग? आन् तुमाला बी तरास नगं."

माझ्यासाठी म्हणत होते. चौदा वर्षं आईनं तोंड फिरवलेलं घेऊन झोपलेला माणूस मला वाचवायला बघत होता. मी ते पाकीट त्यांच्या हातातून घेतलं. डिस्क परत ट्रेवर ठेवली, ती नीट बसेना. त्यांनीच ती बसवली.

हे पाय धुऊन टॉवेलला हात पुसत आत आले. आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून दारातच थांबले.

"लागली का रं? काय म्हणाली आई?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लागली. बसा तुम्ही. आधी माझं ऐका, आणि मग आत्तींचं ऐका."